भटारखान्यातली माणसे टिकतात कशी

हॉटेलात कामाचे वातावरण कसे आहे, हे गिऱ्हाईक बसते त्या खोलीत सहसा कळत नाही. ते कळते मोरीपाशी, भट्टीपाशी, आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर साडेतीन वाजता कामगार काय जेवतात आणि कुठे बसून जेवतात त्यावरून. मालक आणि कामगार, आचारी आणि वेटर, जुना माणूस आणि नवा माणूस यांच्यात काम, पैसा, विश्रांती आणि शब्द यांचा जो रोजचा व्यवहार चालतो, तीच त्या हॉटेलाची कार्यसंस्कृती. मोठ्या कंपन्यांत ती कागदावर लिहिलेली असते. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा या पट्ट्यातल्या हॉटेलांत आणि खानावळींत ती लिहिलेली नसते, पण नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ती पाठ होते.

या पट्ट्यात हॉटेलांना गिऱ्हाईक तीन तऱ्हेचे. मुंबई-गोवा महामार्गाने जाणारे चाकरमानी, पर्यटक आणि ट्रकवाले हे पहिले. वडखळहून अलिबागकडे वळणारी शनिवार-रविवारची गर्दी ही दुसरी. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईकरांना रायगड आणखी जवळ आला आहे. तिसरे गिऱ्हाईक बाराही महिने ठरलेले: डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत इथले कामगार. गिऱ्हाईक देणारे हे कारखानेच हॉटेलांची माणसेही ओढून नेतात. कंत्राटी का होईना, पण कारखान्यात पाळी संपली की माणूस मोकळा होतो. हॉटेलात शेवटचे टेबल उठेपर्यंत सुटका नसते. शिवाय पेण, हमरापूर, जोहे भागातले गणपतींचे कारखाने उन्हाळ्यापासून भाद्रपदापर्यंत तरुण हात सामावून घेतात, आणि पाऊस सुरू झाला की लावणीसाठी घरोघरी माणूस लागतो. मग मालक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, नेपाळ इथून माणसे आणतात, आणि तीही सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. ‘माणसे मिळत नाहीत’ ही हॉटेलमालकांची कायमची तक्रार आहे. मिळालेली माणसे टिकत नाहीत, हे दुखणे त्याहून मोठे, आणि त्यावरचा बराचसा इलाज मालकाच्या हातात असतो.

माणूस सोडून गेला की काय बुडते, हे गल्ल्यावर लगेच दिसत नाही. आचारी बदलला की रश्शाची चव बदलते आणि दर रविवारी थांबणारी गाडी एकदा पुढे निघून जाते. नव्या वेटरला कोणत्या टेबलाला काय लागते ते ठाऊक नसते. नवा हेल्पर मसाला जास्त वाटतो, भाजी जास्त चिरतो, आणि रात्री तो माल टाकून द्यावा लागतो. हा सगळा खर्च ‘पगार’ या खात्यात लिहिला जात नाही, म्हणून पगारात वाचवलेले पैसे मालकाला खरोखरच वाचल्यासारखे वाटतात.

चांगल्या वातावरणाची सुरुवात घड्याळापासून होते. महामार्गावरच्या हॉटेलाचा दिवस सकाळी सहाला पोहे-मिसळीच्या तयारीने सुरू होतो आणि रात्री अकरा-साडेअकराला संपतो. बहुतेक ठिकाणी पाळी तुटक असते: सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, मग संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर हे साडेनऊ तास. माणसाच्या आयुष्यातले मात्र तेरा तास जातात. मधल्या साडेतीन तासांत त्याला ना घरी जाता येते, ना दुसरे काही करता येते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ मध्ये यासाठीच दोन वेगळ्या मर्यादा घातल्या. काम दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावे, ही एक. विश्रांती धरून कामाची वेळ साडेदहा तासांच्या पलीकडे पसरू नये, थांबून थांबून चालणाऱ्या कामात फार तर बारा तास, ही दुसरी. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याला एक पूर्ण सुटी, जादा कामाला दुप्पट मजुरी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ पगारी सणसुट्या हेही त्यात होते. कायदा पूर्णपणे लागू होता तो दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यातल्या बऱ्याच मर्यादा सैल करण्याचा आणि कायद्याची कक्षा वीस कामगारांवर नेण्याचा निर्णय घेतला. पेण-रोह्यातली बहुतेक हॉटेले त्याहून लहान आहेत. तिथे कामगाराला आठवड्याची सुटी मिळते की नाही, हे कायद्यापेक्षा मालकाच्या सवयीवर ठरते.

ही सवय लावणे वाटते तितके महाग नाही. सहा वेटरांच्या हॉटेलात प्रत्येकाला आठवड्याला एक सुटी द्यायची तर सोमवार ते शुक्रवार रोज एक आणि मंगळवारी आणखी एक, असा हिशेब सहज बसतो. शनिवार-रविवार सगळे हजर. तुटक पाळीऐवजी एक गट सकाळी सात ते चार आणि दुसरा दुपारी दोन ते अकरा असा ठेवला, तर दोन्ही गट दुपारच्या गर्दीच्या उत्तरार्धात एकत्र येतात आणि प्रत्येकाला अर्धा दिवस स्वतःचा मिळतो. वेळापत्रक निदान पंधरवड्याचे असावे आणि ते भिंतीवर लावलेले असावे. उद्या सुटी आहे की नाही हे आदल्या रात्री अकराला कळत असेल, तर तो माणूस दवाखान्याचा नंबर लावू शकत नाही, मुलाच्या शाळेत जाऊ शकत नाही, बायकोला शब्द देऊ शकत नाही. अनिश्चितपणा माणसाला कष्टापेक्षा लवकर थकवतो.

दुसरी गोष्ट पैशाची. हॉटेलधंद्यातली भांडणे पगार किती यावरून होतात त्याहून जास्त पगार कधी आणि कसा यावरून होतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या महिन्याचा पगार ‘मागे ठेवला’ जातो. माणूस न सांगता पळू नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम उलटा होतो: रागावलेला कामगार निघून जाताना तो महिना बुडाला असे धरूनच जातो, आणि गावात जाऊन त्या हॉटेलाचे नाव सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि काम सोडलेल्या किंवा कामावरून काढलेल्या माणसाचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. सात तारीख म्हणजे सात तारीख, मग गल्ल्यात काही असो, हा नियम जो मालक वर्षभर पाळतो त्याच्याबद्दल कामगारांत जी खात्री तयार होते, ती दिवाळीच्या मिठाईच्या पुड्याने तयार होत नाही.

उचलीचे प्रकरण नाजूक आहे. लग्न, आजारपण, घराचे पत्रे यांसाठी कामगार उचल मागतो आणि ती देणे हा माणुसकीचाच भाग आहे. पण रायगड जिल्ह्याने उचलीचे वाईट रूपही पाहिले आहे. इथला कातकरी समाज वीटभट्टीच्या आणि कोळशाच्या भट्टीच्या उचलीत पिढ्यान्‌पिढ्या अडकला. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला तरी ती पद्धत एका दिवसात संपली नाही. हॉटेलातली उचल त्या वाटेने जाऊ नये म्हणून तीन गोष्टी पुरतात: रक्कम दोघांच्याही वहीत लिहिलेली असावी, दर महिन्याची कपात आधी ठरलेली असावी, आणि उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही अशी अट कधीही नसावी. फुटलेल्या कपबशीचे आणि पळून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलाचे पैसे वेटरच्या पगारातून कापणे हाही अन्यायच. काचसामान फुटणे हा धंद्याचा खर्च आहे.

पगाराशीच जोडलेली एक अडचण बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. मोठे हॉटेल चालवायचे तर मालक बहुधा एक वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, गाठतो, आणि वस्ताद आपली माणसे घेऊन येतो: दोन आचारी, तंदूरवाला, चार हेल्पर, मोरीवर दोघे. पगार ठोक वस्तादाच्या हाती. तो कोणाला किती देतो ते मालकाला कळत नाही. वस्तादाचे बिनसले की एका रात्रीत अख्खा भटारखाना रिकामा होतो. मोरीवरचा मुलगा मालकाला ओळखतच नसतो, त्यामुळे त्याने थांबावे तरी कशासाठी? प्रत्येकाचा पगार प्रत्येकाच्या हाती किंवा त्याच्या बँक खात्यात दिला, प्रत्येकाला नेमणुकीची साधी चिठ्ठी दिली आणि वस्तादाला त्याच्या देखरेखीचा वेगळा मोबदला दिला, तर ही गाठ सुटते. वस्तादाचा मान राहतो आणि बाकीच्यांचे नाते थेट हॉटेलाशी जुळते.

राहणे आणि जेवण हा हॉटेलातल्या पगाराचाच भाग मानला जातो, म्हणून त्याकडे दुर्लक्षही जास्त होते. बाहेरगावची माणसे पोटमाळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत, तेलाच्या डब्यांशेजारी झोपतात. कोकणातल्या पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत अंथरूण वाळत नाही. माणशी एक खाट, पंखा, कुलपाची पेटी, बाहेरून येणाऱ्याला नजरेस पडणार नाही असे न्हाणीघर आणि पिण्याचे स्वच्छ पाणी यांचा खर्च एका फ्रीजरपेक्षा जास्त होत नाही. जेवणाचे तर त्याहून सोपे. दुपारी गर्दी सुरू होण्याआधी, अकराच्या सुमाराला, कामगारांचे ताजे जेवण व्हावे आणि मालकाने किंवा मॅनेजरने तेच जेवावे. कालची उरलेली डाळ आणि तळाशी लागलेला भात खाऊन दिवसभर इतरांना सुरमई वाढणाऱ्या माणसाच्या मनात त्या पानाबद्दल आस्था राहणार नाही. शिवाय नवा पदार्थ आधी कामगारांच्या जेवणात आला, तर गिऱ्हाइकाने ‘कसे आहे?’ विचारल्यावर वेटरला खरे उत्तर देता येते.

आजारपणाच्या रजेचा संबंध थेट अन्नाच्या सुरक्षिततेशी आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि संसर्गजन्य आजार असलेल्याला अन्नाला हात लावू द्यायचा नसतो. आता हेल्परला जुलाब होत आहेत आणि खाडा झाला की दिवसाचा पगार कापला जातो, अशी स्थिती असेल तर तो काय करील? गोळी घेऊन कामावर येईल आणि कोणाला सांगणार नाही. पन्नास माणसांच्या पोटाची सुरक्षितता त्या एका दिवसाच्या पगारावर अवलंबून असते. आजारी माणसाचा पगार न कापणे ही स्वच्छतेची पहिली अट आहे, साबण आणि टोप्या नंतरच्या. दहा किंवा जास्त कामगार असतील तर २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विम्याचा लाभ मिळू शकतो. त्यात कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. भाजणे, कापणे, ओल्या लादीवर घसरणे हे हॉटेलातले रोजचे धोके आहेत, आणि त्या वेळी हा विमा कामी येतो.

आता भट्टीजवळचे काम. तांदळाची भाकरी हा या भागातल्या मांसाहारी हॉटेलांचा कणा आहे, आणि ती करणाऱ्या बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका असतात. उकळत्या पाण्यात पीठ टाकून काढलेली उकड हाताला चटके बसतील इतकी गरम असतानाच मळावी लागते. थंड झाली की थापताना भाकरीच्या कडा चिरतात. मळायची, पाण्याच्या हाताने थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचे, उलटायची, मग जाळावर फुगवायची. रविवारी दुपारी एक ते तीन हे चक्र थांबतच नाही. त्यात पाच वेटर पाच दिशांनी ‘मावशी, चार भाकऱ्या’, ‘मावशी, माझ्या राहिल्या’ म्हणून ओरडत असतात. पहिल्याच्या भाकऱ्या तिसरा उचलून नेतो, पहिला मावशींवर चिडतो, मावशी गप्प बसतात, आणि महिन्याभराने कामावर येणे बंद करतात. मालक म्हणतो, बायका टिकत नाहीत.

या कोपऱ्यात बदल करायला फार काही लागत नाही. ओटा कमरेच्या उंचीचा, पायाखाली जाड रबरी चटई, डोक्यावर धूर ओढणारा पंखा. दोघींनी दर अर्ध्या तासाने मळण्याचे आणि भाजण्याचे काम आलटून पालटून करायचे. हाताशी ताक किंवा कोकमाचे सरबत. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ओरडणे बंद: ऑर्डरची चिठ्ठी एकाच माणसाकडे यायची, त्याने क्रमाने लावायची आणि भाकऱ्याही त्यानेच वेटरच्या हाती द्यायच्या. भटारखान्याचा गोंधळ स्वभावापेक्षा व्यवस्थेच्या अभावातून जास्त येतो. व्यवस्था नीट असली की चिडखोर माणूसही निम्मा शांत होतो.

ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने ओळखली होती. १८४६ मध्ये जन्मलेला हा माणूस वयाच्या तेराव्या वर्षी काकाच्या हॉटेलात उमेदवारीला लागला. त्या काळी युरोपातले भटारखाने म्हणजे धूर, दारू आणि शिवीगाळ. पुढे १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम करताना त्याने भटारखान्याचे विभाग पाडले: सॉस एकाकडे, मासे एकाकडे, भाजणे एकाकडे. एकाच पानातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हातांनी एकाच वेळी तयार होऊ लागले आणि प्रत्येकाला आपली जबाबदारी नेमकी कळली. त्याने कामावर दारू बंद केली आणि जाळाने तापलेल्या आचाऱ्यांसाठी जवाच्या पाण्याची सोय केली. शिव्या आणि आरडाओरड यांना मनाई केली. जगभरच्या मोठ्या हॉटेलांत आजही त्याचीच विभागणी चालते. न्यूयॉर्कचा हॉटेलमालक डॅनी मेयर याने २००६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात यापुढचे पाऊल टाकले: धंद्यात पहिली काळजी कामगारांची, मग गिऱ्हाइकांची, आणि गुंतवणूकदार सर्वांत शेवटी. ‘गिऱ्हाईक देव’ मानणाऱ्या आपल्या धंद्याला हा क्रम विचित्र वाटेल. पण गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलतो तो कामगार. मालक त्याच्याशी जसा वागेल, त्याच सुरात तो टेबलापाशी बोलणार.

म्हणूनच गल्ल्यावर बसून सगळ्यांदेखत वेटरला झापणे ही वाईट सवय. चूक सांगायचीच, पण बाजूला घेऊन आणि त्याच दिवशी. गिऱ्हाईक शिवीगाळ करत असेल तर मालकाने उठून कामगाराच्या बाजूने उभे राहायचे. माणसाला ‘ए बारक्या’ न म्हणता नावाने हाक मारायची. कुटुंबाच्या हॉटेलांत आणखी एक पथ्य लागते: मालक एक सांगतो, त्याचा भाऊ दुसरे सांगतो, मेहुणा तिसरे. कोणत्या कामात कोणाचा शब्द शेवटचा, हे घरच्यांनी आधी आपसात ठरवायला हवे. पाळी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र उभे राहून आज कोणता मासा आला, काय संपले, कोणाला बरे नाही, काल कोणती तक्रार आली एवढे बोलून घेतले, तर पुढची बरीच वादावादी वाचते. या दहा मिनिटांत मोरीवरच्या माणसालाही बोलायला लावावे. कोणता पदार्थ पानात उरतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

बायकांच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्याने पाहाव्या लागतात. स्वच्छ आणि कडी लागणारे स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली, आणि शेवटची एसटी किंवा विक्रम रिक्षा गाठता येईल अशी सुटायची वेळ. २०१७ च्या कायद्यात बायकांसाठी सकाळी सात ते रात्री साडेनऊ ही वेळ धरलेली आहे. त्यानंतर काम द्यायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय हवी. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची करतो, आणि लहान हॉटेलातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती भटारखान्याच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावलेली असावी.

मराठी मुलखात भटारखान्यातल्या माणसाच्या हक्काचे मोठे काम खानावळवाल्या बायकांनीच केले आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कामगारांची जेवणे या बायका आपल्या खोल्यांत रांधत. किराणा उधारीवर, भांडवल सावकाराचे. राबून हाती फारसे उरत नसे. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावातल्या कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. अन्नपूर्णाच्याही आधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापड सुरू केले, आणि त्यात काम करणारी प्रत्येक बाई मालकीची वाटेकरी राहिली. पापड-मिरगुंडांसाठी नाव असलेल्या पेणला हा नमुना परका नाही. या संस्थांत पगारापेक्षा वेगळे एक बळ दिसते: जिथे काम करतो तिथल्या हिशेबावर आपलाही हक्क आहे, ही जाणीव.

सणाच्या सुट्या हा कोकणातल्या हॉटेलांचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस महामार्ग गाड्यांनी भरलेला असतो आणि धंद्याचे खरे दिवस तेच. नेमक्या त्याच वेळी स्थानिक कामगाराला घरी मखर करायचे असते, पाटावर गणपती आणायचा असतो. मालकाने सुटी नाकारली तर माणूस न सांगता जातो आणि पुन्हा येत नाही. दर वर्षी भाद्रपदात असे कामगार हॉटेलांतून कायमचे जातात. पण वाहतुकीचा क्रम नीट पाहिला तर वाट निघते. गर्दी दक्षिणेकडे जाते ती चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत. चतुर्थीच्या दिवशी रस्ता बराच मोकळा असतो, कारण जो तो आपापल्या घरी पूजेत असतो. गर्दी परतते ती गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर. म्हणजे स्थानिक कामगारांना चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपासून दोन दिवस पूर्ण सुटी देऊन चतुर्थीच्या दिवशी हॉटेल बंद किंवा अर्धवट चालू ठेवता येते. दीड दिवसाचा गणपती असलेले विसर्जन करून तिसऱ्या दिवशी हजर होतात, पाच दिवसांचा असलेल्यांची सुटी पुढे वाढवता येते. त्या काळात उत्तरेकडची माणसे काम सांभाळतात आणि छठपूजेला ती गावी गेली की स्थानिक माणसे त्यांची जागा भरून काढतात. ही अदलाबदल आषाढातच बसून ठरवायला हवी, आणि वहीत लिहायला हवी. लावणीसाठी चार-पाच दिवस लागणाऱ्यांची नावेही त्याच वहीत येतात. ज्यांनी गर्दीचे दिवस उभ्याने काढले त्यांना जादा मजुरी मिळायलाच हवी.

टीप कोणाची, यावरून वेटर आणि भटारखाना यांच्यात कायम धुसफूस असते. गिऱ्हाईक खूश होते ते जेवणावर, पैसे मिळतात वेटरला. पेटी एकच ठेवावी, आठवड्याला सगळ्यांसमोर उघडावी आणि ठरलेल्या वाट्याने वाटावी; मोरीवरच्याचाही वाटा त्यात असावा. मालकाने त्या पेटीला हात लावू नये. बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी निर्बंध घातले आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हा कामगाराचा मोबदला गिऱ्हाइकावर ढकलण्यापेक्षा पगारातच धरणे सरळ.

शेवटचा भाग शिकण्याचा. मोरीवर लागलेला मुलगा पाच वर्षांनीही मोरीवरच असेल तर तो थांबणार नाही. वस्ताद बहुधा शिकवायला तयार नसतो. मसाल्याचे प्रमाण तो मनात ठेवतो, कारण शिकवले की आपली गरज संपेल अशी त्याला धास्ती वाटते, आणि ती धास्ती खोटी नसते. शिकवलेल्या प्रत्येक माणसामागे वस्तादाचा पगार वाढतो, असे ठरवले तर त्याला शिकवण्यात स्वतःचे हित दिसते. देशभरच्या इंडियन कॉफी हाउसांत हीच शिडी आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या माणसांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७-५८ मध्ये सहकारी संस्था काढल्या आणि कॉफीगृहे स्वतः चालवायला घेतली. तिथे टेबले पुसण्यापासून सुरुवात केलेला माणूस क्रमाने वेटर, आचारी आणि व्यवस्थापक होऊ शकतो. मुंबईच्या उडुपी हॉटेलांचीही अशीच कहाणी आहे. दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेली पोरे दिवसा कपबशा विसळत, रात्री कानडी रात्रशाळांत शिकत, आणि त्यांतले कित्येक पुढे स्वतःच हॉटेलमालक झाले. तेव्हा कामाला लागणाऱ्या पोरांचे वय कोणी विचारत नसे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो दखलपात्र गुन्हा आहे. रात्रशाळेची रीत मात्र अठरा-वीस वर्षांच्या हेल्परसाठी आजही उपयोगी पडेल: दहावीचा राहिलेला विषय, अन्न सुरक्षेचे प्रशिक्षण, हिशेब, संगणकावर बिल करणे. अशा शिक्षणासाठी आठवड्याला दोन दुपारी मोकळ्या दिल्या तरी पुरते.

काही माणसे तरीही जातील. कोणी कारखान्यात लागेल, कोणी वडखळच्या नाक्यावर स्वतःची वड्याची गाडी टाकील. त्याचा हिशेब दोन दिवसांत पुरा करून, त्याने किती वर्षे कोणते काम केले याची चिठ्ठी देऊन, जमले तर पहिल्या महिन्याचा किराणा आपल्या दुकानदाराकडून उधारीवर मिळवून देऊन त्याला निरोप देणारे मालक आहेत. मोरीवर माणूस कमी पडला की अशा मालकाला बहुधा फार शोधावे लागत नाही. गेलेला माणूसच आपल्या गावचा, आपल्या नात्यातला मुलगा त्याच्याकडे धाडतो.